हँडबुकच्या पहिल्या पानावरचं वाक्य

आयसेलिनला मेट्रोपार्क स्टेशनच्या आसपास काचेच्या उंच इमारती आहेत. त्यातल्या एखाद्या कंपनीत तुम्ही नोकरीला लागलात, की पहिल्या आठवड्यातच तुमच्याकडे एक हँडबुक येतं. रजा किती, लॅपटॉप कसा वापरायचा, भेटवस्तू घ्यायची की नाही, छळवणुकीची तक्रार कुठे करायची, आणि गैरवर्तन केलंत तर काय काय होऊ शकतं, हे सगळं त्यात असतं. शेवटी 'मी हे वाचलं आहे' या चौकटीवर क्लिक करायचं. बहुतेक जण न वाचताच क्लिक करतात आणि ओक ट्री रोडवर जेवायला जातात.

पण त्या पुस्तकाच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर, बहुधा ठळक अक्षरात, एक परिच्छेद असतो. त्याचा आशय असा: हे पुस्तक म्हणजे करार नाही, तुमची नोकरी 'ॲट विल' आहे, तुम्ही किंवा कंपनी, कोणीही, केव्हाही, कारण सांगून किंवा न सांगता ती संपवू शकता. मग पुढची चाळीस पानं कशासाठी? तोंडी ताकीद, लेखी ताकीद, मग निलंबन, मग काढून टाकणं, अशा पायऱ्या कशाला मांडल्यात, जर पहिल्याच पानावर सगळं रद्द करून ठेवलंय?

या प्रश्नाचं उत्तर ऐतिहासिक आहे. आयसेलिनहून गार्डन स्टेट पार्कवेनं उत्तरेकडे निघालात तर साधारण अर्ध्या तासावर नटली नावाचं गाव लागतं. तिथल्या एका इंजिनिअरमुळे ते वाक्य न्यू जर्सीच्या हँडबुकांत एवढ्या ठळक अक्षरात आलं. त्याच्याकडे येऊच. पण हे पुस्तक मराठी माणूस ज्या डोळ्यांनी वाचतो, त्या डोळ्यांमागे दुसराच इतिहास आहे, आणि माझ्या मते बराचसा गैरसमज तिथून सुरू होतो.

तुमच्या घरात कुणी एसटीत, जिल्हा परिषदेत, बँकेत किंवा कारखान्यात असेल तर काही शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकले असतील. मेमो. कारणे दाखवा नोटीस. चार्जशीट. खातेनिहाय चौकशी. 'त्याला सस्पेंड केलाय, पण अर्धा पगार चालू आहे.' 'अपिलात सुटला.' या शब्दांनी आपल्या मनात एक क्रम पक्का बसवलाय: आधी आरोप कागदावर येणार, मग मला उत्तर द्यायला मुदत मिळणार, मग चौकशी अधिकारी बसणार, साक्षीदार येणार, शेवटी शिक्षा झालीच तर वरच्या साहेबाकडे अपील. चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळते, अधिकारी साहेबाच्याच मर्जीतला असतो, हे सगळं खरं. तरी क्रम असतो. तो इतका अंगवळणी पडलाय की जगात सगळीकडे असंच असणार असं आपण धरून चालतो.

हा क्रम आला कुठून? खाजगी उद्योगापुरतं बोलायचं तर त्याचा मोठा भाग मुंबईच्या गिरण्यांमधून आला. आणि गंमत अशी, की कामगारांनी सुरुवातीला त्याला विरोधच केला होता.

गिरणीतली शिस्त बराच काळ लिखित नियमावर चालतच नव्हती. ती जॉबरच्या हातात होती. भरती त्याची, बदली त्याची, दस्तुरीही त्याचीच. काढून टाकायचं तर जॉबरनं 'उद्यापासून येऊ नकोस' म्हटलं की संपलं. वर दंड. कापडात डाग पडला, विणीत दोष राहिला, तर ते खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची. एक दिवस गैरहजर राहिलात तर काही ठिकाणी दोन दिवसांचा पगार जायचा. त्याला 'डबल खाडा' म्हणत. गैरवर्तन म्हणजे काय, त्याची शिक्षा किती, हे ठरवणारा आणि दंडाची रक्कम खिशात घालणारा पक्ष एकच होता. दंड वाढला की मालकाचा खर्च कमी, इतका साधा हिशोब.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर. या संपाची आठवण आपण पगारकपात, जास्त माग चालवण्याची सक्ती आणि लाल बावटा यांच्यासाठी काढतो. पण भांडणाचा एक विषय होता 'स्टँडिंग ऑर्डर्स', म्हणजे मालकसंघानं तयार केलेली कामगारांसाठीची नियमावली. संप मिटताना सरकारनं मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिच्यापुढे हे नियमही तपासायला आले. कामगारांच्या बाजूनं पाहा: जॉबरची मनमानी वाईट होतीच, पण ती माणसाची मनमानी होती, तिच्याशी घासाघीस करता यायची. गाववाला निघाला, हातापाया पडलं, तर परत घ्यायचा. आता मालक म्हणत होता की तीच सत्ता मी छापून दारावर लावतो. मालकानं एकट्यानं लिहिलेला नियम कामगाराला सापळाच वाटणार.

पण छापलेल्या नियमाचा एक गुण असतो, तो मालकाच्या लक्षात उशिरा येतो. एकदा लिहिलं की ते लिहिणाऱ्यालाही लागू करता येतं. कामगार म्हणू शकतो, 'साहेब, तुमच्याच कागदावर लिहिलंय की.' ही गोष्ट मुंबईत घडली आणि पन्नासेक वर्षांनी न्यू जर्सीतही घडली. फरक पडला तो त्यानंतर काय झालं यात.

मुंबईत कायदा आला. आधी १९३६ चा वेतन प्रदान कायदा, हा अखिल भारतीय. त्यानं दंडाला लगाम घातला: कुठल्या कृत्याला दंड होणार त्याची यादी आधी लावलेली पाहिजे, कामगाराला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय दंड नाही, दंड रुपयाला अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नाही, आणि जमा झालेला पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च करायचा. या शेवटच्या अटीनं मालकाच्या नफ्याचा हिशोब मोडला. अर्थात याच कायद्यात एक खुंटी मारून ठेवली होती: दहा किंवा जास्त कामगार ठरवून, नोटीस न देता गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल. म्हणजे डबल खाडा गेला, पण संपावर गेलात तर आठपट खाडा.

मग १९३८. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. त्यांनी औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला. त्यातल्या संपबंदीच्या कलमांविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. तो विरोध योग्यच होता असं मला वाटतं. पण त्याच कायद्याच्या पोटात एक नवी गोष्ट होती, जिच्याकडे त्या धामधुमीत फारसं कुणी पाहिलं नाही: मालकानं आपली नियमावली लेबर कमिशनरकडे मंजुरीला पाठवायची, त्यानं कामगारांच्या प्रतिनिधींचंही ऐकायचं, आणि निर्णय पटला नाही तर औद्योगिक न्यायालयात अपील. भारतात शिस्तीच्या नियमांना कायद्याचा आधार पहिल्यांदा इथे मिळाला.

१९४६ च्या एप्रिलमध्ये हीच कल्पना देशभर लागू झाली, औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायदा म्हणून. तेव्हा केंद्रात मजूरमंत्री होते डॉ. आंबेडकर, आठ वर्षांपूर्वी मुंबईच्या कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेले. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यानं मसुदा प्रमाणन अधिकाऱ्याकडे द्यायचा. परिशिष्टात विषय ठरवून दिलेले: कामाच्या वेळा, कुठल्या फाटकानं आत जायचं आणि झडती कधी घेता येईल, रजा, तात्पुरतं काम बंद ठेवणं, आणि अर्थातच 'गैरवर्तन' म्हणजे कोणती कृत्यं. मंजूर नियम फाटकाजवळ फलकावर लावायचे, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत. आयसेलिनच्या वाचकानं या भाषेच्या अटीकडे जरा थांबून बघावं. ज्याच्या पोटावर पाय येणार त्याला तो नियम वाचता आला पाहिजे, असं १९४६ साली कायद्यात लिहिलं गेलं.

मात्र सुरुवातीला कायदा बोथट होता. प्रमाणन अधिकारी मसुदा कायद्याला धरून आहे का एवढंच पाहू शकत होता. तो रास्त आहे का हे विचारायचा त्याला अधिकारच नव्हता. ती दुरुस्ती १९५६ साली झाली. पुढे १९७१ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ कलम आलं आणि कामगार न्यायालयाला शिक्षाच कमी करायची मुभा मिळाली: चोरी झाली हे मान्य, पण एवढ्याशा चोरीला बडतर्फी जास्त होते, असं न्यायालय म्हणू शकलं. १९८२ च्या दुरुस्तीनं निलंबनाच्या काळातला निर्वाह भत्ता बांधून दिला, पहिले ९० दिवस निम्मा पगार, नंतर चौकशी लांबण्यात कामगाराचा दोष नसेल तर पाऊण. आपल्या कानावर पडलेलं 'अर्धा पगार चालू आहे' हे खाजगी कारखान्यापुरतं इथून येतं.

निर्वाह भत्त्यावरून आठवलं. सरकारी नोकरांसाठीच्या मुंबईच्या जुन्या सेवा नियमांत एक तरतूद होती: फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या निलंबित नोकराला, त्याचं अपील कोर्टात चालू असतानाही, निर्वाहासाठी महिना एक रुपया. चुकून नाही, एकच रुपया. नियमाची बाजू घेणाऱ्याला 'भत्ता देतो' असं कागदावर म्हणता यावं एवढाच त्याचा उपयोग. हे प्रकरण महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८३ साली ती तरतूद रद्द झाली. अपिलाचा हक्क कागदावर ठेवून अपील चालेपर्यंत माणूस जगणारच नाही अशी व्यवस्था केली, तर तो हक्क काढून घेतल्यासारखाच आहे, हा त्यामागचा विचार. त्याच सुमाराला मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरणही गाजलं. चौकशीत ट्रस्टतर्फे कायद्याचे जाणकार अधिकारी उभे आणि त्याला वकील नाकारलेला. न्यायालयानं म्हटलं, एका बाजूला कायदेतज्ज्ञ उभा केलात तर दुसऱ्या बाजूलाही द्या.

आता नटलीला जाऊ.

हॉफमन-ला रोश ही औषध कंपनी. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये रिचर्ड वूली नावाचा इंजिनिअर तिथे रुजू व्हायचं ठरलं. लेखी करार नव्हता, तो अमेरिकेत साधारणपणे नसतोच. कामावर आल्यावर महिन्याभरात त्याच्या हाती कंपनीचं मॅन्युअल आलं, ते त्यानं वाचलं. त्यात नोकरी कशाकशानं संपू शकते याचे प्रकार दिले होते: कपात, कामगिरी, शिस्तभंग, निवृत्ती, राजीनामा. 'कारण नसताना' असा प्रकार त्यात नव्हता. त्याला दोनदा बढती मिळाली. १९७८ च्या मार्चमध्ये वरिष्ठांनी त्याला एका इमारतीतल्या पाइपांच्या अडचणींवर अहवाल लिहायला सांगितलं, एप्रिलच्या सुरुवातीला त्यानं तो दिला, आणि मे महिन्यात त्याला सांगण्यात आलं की जनरल मॅनेजरचा तुमच्यावरचा विश्वास उडालाय, राजीनामा द्या. त्यानं दिला नाही. पुन्हा मागितला, पुन्हा दिला नाही. जुलैत काढून टाकलं.

वूलीचं म्हणणं सरळ होतं, गिरणी कामगारासारखंच: तुमच्याच कागदावर लिहिलंय की. खालच्या दोन्ही कोर्टांनी ते फेटाळलं. तुमचा करार कुठाय, हा त्यांचा प्रश्न.

खालची कोर्टं ज्या तत्त्वावर उभी होती ते तेव्हा शंभर वर्षांचं होतं. ऑल्बनीचे एक वकील, होरेस ग्रे वुड, यांनी १८७७ साली मालक-नोकर कायद्यावर ग्रंथ लिहिला. मुदत न ठरवलेली नोकरी ही कधीही मोडता येणारी मानावी, असं त्यांनी त्यात मांडलं. आधाराला चार निकाल दिले. ते त्या विधानाला पेलत नाहीत असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. पण कोर्टांनी ते विधान उचललं, एकानं दुसऱ्याचा दाखला दिला, आणि बघता बघता तो देशाचा नियम झाला. टेनेसीच्या न्यायालयानं १८८४ साली तर असा आशय मांडला की चांगल्या कारणानं, कारणाशिवाय, किंवा नैतिकदृष्ट्या वाईट कारणानंही मालक काढू शकतो. आज पन्नास राज्यांपैकी फक्त मोंटानात कारणाशिवाय काढण्याविरुद्ध सर्वसाधारण कायदा आहे, तोही १९८७ चा. न्यू जर्सीनं १९८० साली एका डॉक्टर बाईंच्या खटल्यात एवढं मान्य केलं होतं की सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध जाऊन कुणाला काढता येणार नाही. पण त्या बाई स्वतः तो खटला हरल्या.

९ मे १९८५ ला न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं वूलीच्या बाजूनं निकाल दिला, मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेन्ट्झ यांच्या लेखणीतून. तर्क असा: कंपनीनं हे पुस्तक वाटलं ते कामगारांत विश्वास निर्माण व्हावा, माणसं टिकावीत, आणि (हे आपण लक्षात ठेवावं) युनियन येऊ नये यासाठी. त्याचा फायदा घेतलात, लोक त्या भरवशावर कामाला येत राहिले, मग आता ते नुसतं कागद होतं असं म्हणता येणार नाही. पुस्तकात कारणाशिवाय काढणार नाही असं सूचित असेल, तर ते वचन पाळावं लागेल.

आणि लगेच पुढे न्यायालयानं मालकांना वाटही दाखवली. तुम्हाला बांधून घ्यायचं नसेल तर हरकत नाही. प्रामाणिकपणे, ठळकपणे लिहा की या पुस्तकात कसलंही वचन नाही.

मालकांच्या वकिलांनी निकालातलं एवढंच काळजीपूर्वक वाचलं. नंतर वाद उरले ते ठळक म्हणजे किती ठळक यावर. १९९४ साली त्याच न्यायालयानं शॉपराइट दुकानांमागच्या वेकफर्न कंपनीचा बचाव नाकारला, कारण तो मजकूर कुठल्याही वेगळेपणाशिवाय छापला होता आणि सामान्य कामगाराला कळेल असा नव्हता. निकालाचा परिणाम हा, की मग सगळ्यांनी मोठ्या टायपात आणि सोप्या इंग्रजीत लिहायला सुरुवात केली. तुमच्या हँडबुकातलं ते वाक्य इतकं स्पष्ट का आहे हे आता कळलं असेल. वूली जिंकला, आणि त्याच्या जिंकण्यानं पुढच्या प्रत्येक नोकरदाराच्या पुस्तकात ते वाक्य आलं.

मुंबईत नियमावली मालकाच्या हातून निघून सरकारी अधिकाऱ्याच्या टेबलावरून कामगाराकडे आली. मालकाला ती एकट्यानं बदलता येत नाही. न्यू जर्सीत ती करारकायद्याच्या वाटेनं आली, आणि करार ज्यानं लिहिला तो पुढच्या आवृत्तीत तो मागे घेऊ शकतो. तरीही भारताकडे बघून कॉलर ताठ करण्यात अर्थ नाही. स्थायी आदेश मुख्यतः 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांना. मॅनेजर बाहेर, कंत्राटी माणूस व्यवहारात बाहेर, आणि लहान कारखान्यातले तर पहिल्यापासून बाहेर. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं तर शंभराची मर्यादा तीनशेवर नेली आहे.

अमेरिकेतही चौकशी आणि अपील नाहीच असं नाही. आहे, पण दोन ठिकाणी. एक, युनियनमध्ये. तिथे करारात 'जस्ट कॉज' हा शब्द असतो आणि शेवटी लवाद बसतो. टेक्सासमधल्या एका दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर काम करणाऱ्या बाईंवर आरोप आला की त्यांनी दोन डॉलर अठ्ठ्याण्णव सेंटचं चिकन घेऊन एकच डॉलर भरला. चौकशीच्या खोलीत त्या सारख्या म्हणत होत्या, माझा युनियन प्रतिनिधी बोलवा. बोलावला नाही. शेवटी निघालं असं, की लहान खोकी संपली होती म्हणून डॉलरभर चिकन मोठ्या खोक्यात भरलं होतं. या चिकनवरून १९७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की शिस्तभंगाची कारवाई होऊ शकेल अशा चौकशीत कामगार आपला प्रतिनिधी मागू शकतो. युनियन नसलेल्या कार्यालयांना हे लागू करायचा प्रयत्न २००० मध्ये झाला, २००४ मध्ये मागे घेतला गेला. मेट्रोपार्कच्या आसपासच्या आयटीवाल्यांना तो लागू नाही.

दुसरं ठिकाण सरकारी नोकरी, आणि इथे १९८५ हे साल पुन्हा आडवं येतं. मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं क्लीव्हलंडच्या शिक्षण मंडळाच्या एका सुरक्षा रक्षकाच्या खटल्यात सांगितलं की कायम सरकारी नोकराला काढण्याआधी आरोप काय, पुरावा काय हे सांगायला हवं आणि त्याची बाजू ऐकायला हवी. नंतरची सुनावणी पुरेशी नाही. मे महिन्यात वूली. आणि ११ जुलैला दिल्लीत तुलसीराम पटेल खटल्याचा निकाल लागला. आपल्या राज्यघटनेच्या ३११ व्या कलमात सरकारी नोकराला आरोप कळवून, बाजू मांडायची संधी देऊन मगच बडतर्फ करता येईल असं म्हटलंय, पण त्याला एक परंतुक आहे: चौकशी करणं व्यवहार्य नसेल तर ती वगळता येते. ते परंतुक वैध आहे आणि त्याला नैसर्गिक न्यायाची जोड देऊन निष्प्रभ करता येणार नाही, असं बहुमतानं ठरलं. बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती मदन यांनी, जे आधी मुंबई हायकोर्टात होते. मुंबईकरांना या परंतुकाची चव आधीच कळली होती. ऑगस्ट १९८२ च्या पोलीस आंदोलनानंतर पोलिसांना याच मार्गानं चौकशीशिवाय घरी पाठवलं होतं. निकालात एक दिलासा होता: काढल्यानंतर खात्याकडे अपील करता येतं, आणि परिस्थिती निवळली असेल तर तिथे चौकशी मागता येते.

न्यू जर्सी राज्य किंवा नागरी सेवा लागू असलेल्या नगरपालिकेतला नोकर आजही बराचसा आपल्या जिल्हा परिषदेच्या कारकुनासारखा आहे. पाच दिवसांहून जास्त निलंबन किंवा बडतर्फी करायची तर आधी प्राथमिक नोटीस, विभागात सुनावणी, मग अंतिम नोटीस, आणि ती मिळाल्यापासून २० दिवसांत नागरी सेवा आयोगाकडे अपील. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये ही मुदत ४५ दिवसांची आहे. शिक्षा पायरीपायरीनं वाढवायची ही कल्पनाही न्यू जर्सीत सरकारी नोकरीतूनच पक्की झाली, १९६२ सालच्या एका अग्निशामक जवानाच्या खटल्यापासून. तुमच्या हँडबुकातल्या पायऱ्या या जगातून उसन्या आणल्या आहेत. फक्त मागचा लवाद आणि आयोग तिथेच राहिला.

म्हणून 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन'चा कागद हाती आला की आपल्या माणसाची गफलत होते. तो त्याला चार्जशीट समजतो. मुद्देसूद उत्तर लिहितो, ईमेल जोडतो, साक्षीदारांची नावं देतो, आणि वाट बघतो की आता कुणीतरी तटस्थ माणूस हे वाचेल. तसा माणूस त्या रचनेत नाहीच. उत्तर लिहावं, जरूर लिहावं, कारण वंश, वय, लिंग, आजारपण किंवा गैरप्रकाराची तक्रार केल्याचा सूड असं काही कारण मागे असेल तर ते पुढे कोर्टात उपयोगी पडतं. न्यू जर्सीचा तक्रारदारांना संरक्षण देणारा कायदा १९८६ पासून आहे आणि तो बऱ्यापैकी धारदार आहे. पण उत्तर कुणासाठी लिहितोय हे माहीत असावं.

एच-१बी वर असाल तर घड्याळ वेगळंच चालतं. जानेवारी २०१७ पासून नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्याआधी तेवढेही नियमात नव्हते. व्हिसाची मुदत संपण्याआधी कंपनीनं काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिनं द्यायचा असतो, हे हँडबुकात सहसा सापडत नाही. साठ दिवसांत नवी नोकरी, मुलांची शाळा, घराचा करार. दाद मागायला वेळच राहत नाही. त्या एक रुपया भत्त्याची मला इथे आठवण होते: हक्क असतो, पण तो बजावेपर्यंत टिकून राहायचं साधन नसतं.

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे त्यांना मात्र एक दार उघडं आहे, आणि तिथे 'गैरवर्तन' हा शब्द खरोखर तपासला जातो: बेकारभत्ता. तुम्ही अर्ज करता, कंपनी कळवते की याला गैरवर्तनासाठी काढलंय, आणि भत्ता अडतो. मग अपील न्यायाधिकरण. सुनावणी बहुधा फोनवर होते, साक्ष शपथेवर होते, आणि गैरवर्तन सिद्ध करायचं ओझं कंपनीवर असतं. त्यावर बोर्ड ऑफ रिव्ह्यू, त्यावर राज्याचं अपील न्यायालय. नोकरी परत मिळत नाही. पण नियम मोडला एवढ्यानं गैरवर्तन होत नाही, तो जाणूनबुजून मोडायला हवा, ही १९५० च्या दशकापासूनची रेघ तिथे आजही धरली जाते.

२०१३ चा एक निकाल आहे. सुधारगृहातल्या मुलांना शिकवणारी एक शिक्षिका. वर्गात मुलांना दिलेली पेनं मोजून परत घ्यायची, असा सुरक्षेचा नियम. तिच्याकडून ते राहिलं, एकदा नाही, अनेकदा. ताकीद मिळाली होती. शेवटी नोकरी गेली, आणि बोर्डानं ते 'गंभीर गैरवर्तन' धरून भत्ताही नाकारला. अपील न्यायालयानं तो निर्णय उलटवला: विसरणं वारंवार झालं तरी ते विसरणंच आहे. 'गंभीर गैरवर्तन' हा २०१० साली घातलेला मधला वर्ग राज्याच्या विधिमंडळानं २०१८ मध्ये कायद्यातून काढून टाकला.